हाफ पँटचं वकीलपत्र

सायकलवरून ऑफिसला जाणाऱ्या माणसाने काय घालावं, या प्रश्नाची आपल्याकडे दोनच उत्तरं प्रचलित आहेत. पहिलं, ऑफिसचीच फुल पँट घाला आणि उजव्या पायाचं बॉटम मोज्यात खोचा. दुसरं, लायक्राची काळी कुळकुळीत चड्डी घाला, वर भडक रंगाची जर्सी चढवा आणि रविवारी सिंहगड मारायला निघालोय अशा थाटात सोमवारी सकाळी सिग्नलला उभे राहा. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. बरोबर उत्तर तिसरंच आहे: गुडघ्यापर्यंत येणारी, थोडी ढगळ, साधी हाफ पँट. ते आपल्याला सुचत नाही याचा सायकलशी काही संबंध नाही. संबंध आहे तो आपल्या भाषेशी, आपल्या शाळेशी आणि मुख्य म्हणजे ऑफिसच्या गेटशी.

आता कोणी म्हणेल, विकेंडला लिहायला विषय मिळेना म्हणून हा बाबा चड्डीवर आला. म्हणू देत. माझ्या टीममधल्या तिघांनी गेल्या दोन वर्षांत सायकलने यायला सुरुवात केली आणि त्यातल्या दोघांनी सोडली. रस्त्यांना घाबरून नाही, दमले म्हणूनही नाही. कपड्यांना कंटाळून सोडली. त्यांच्या दोन स्कूटर आता रोज आपल्या सगळ्यांच्या पुढे सिग्नलला उभ्या असतात. तेव्हा विषय वाटतो तितका फालतू नाहीये.

अडचण मुळात शब्दापासून आहे. मराठीत 'चड्डी' हा एकच शब्द आत घालायच्या कपड्यालाही आहे आणि बाहेर घालायच्या कपड्यालाही. त्यामुळे 'मी चड्डीवर ऑफिसला गेलो' हे वाक्य कितीही निरागसपणे उच्चारलं तरी समोरचा हसतोच. बरं, 'हाफ पँट' म्हणावं तर ती शाळेची. सातवीपर्यंत खाकी हाफ पँट आणि आठवीत गेलं की फुल पँट, हा आपल्याकडच्या कित्येक शाळांमध्ये मुंजीइतकाच महत्त्वाचा संस्कार होता. पोटऱ्या झाकल्या गेल्या की मुलगा मोठा झाला! एकदा मोठं झाल्यावर परत लहान कोण होणार? शाळेबाहेर हा कपडा अभिमानाने मिरवणारी एक मोठी संघटना होती, पण संघानेही २०१६ साली हाफ पँट सोडून फुल पँट धरली. म्हणजे या बिचाऱ्या कपड्याला आता राजकीय वकीलसुद्धा उरलेला नाही. म्हणून हे वकीलपत्र मी घेतोय, फी न घेता.

राहिला 'बर्मुडा'. आपल्याकडे बर्मुडा म्हणजे रविवारी सकाळी दूध आणायला जाताना घालायची, फुलाफुलांची, नाडी लोंबणारी वस्तू. पण ज्या बेटाचं नाव तिला दिलंय त्या बेटावर काय चालतं ते बघा. बर्मुडात हाफ पँट हा पुरुषांचा रीतसर ऑफिसचा पोशाख आहे. वर कोट, टाय आणि खाली गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे. बँकेतला माणूस तसा जातो, वकील तसा जातो. त्यांचा ऑलिंपिकचा संघ उद्घाटनाच्या संचलनात लाल बर्मुडा घालून चालतो. टोकियोत २०२१ साली त्यांच्या फ्लोरा डफीने ट्रायथलॉनचं सुवर्ण मिळवलं, त्या बेटाचं पहिलंवहिलं. तात्पर्य, अर्ध्या पँटने देशाची अब्रू जात नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

आणि इतक्या लांब जायची तरी काय गरज? आपल्या शेतकऱ्याची पट्ट्यापट्ट्यांची, नाडीची, मांडीला भरपूर घेर असलेली चड्डी आठवा. तिला एक लांबलचक खिसा असायचा, त्यात तंबाखूची पिशवी, चुना, सुट्टे पैसे, सगळं जायचं. बांधावरून उडी मारा, बैलगाडीत चढा, उकिडवे बसा, सायकलवर टांग टाका, कुठेच अडत नाही. परदेशी कंपन्या आता 'मल्टी-ॲक्टिव्हिटी शॉर्ट' म्हणून जे विकतात ते याहून फारसं वेगळं नाही. फक्त नाडीच्या जागी बकल आलंय आणि तंबाखूच्या खिशाला चेन लागलीय.

सायकलच्या दुकानात सध्या 'ग्रॅव्हल बाइक' नावाचा प्रकार मिळतो. वाकडं हँडल, रेसिंगच्या सायकलीसारखी चौकट, पण टायर जाड, ४० मिलिमीटरच्या आसपास. कशासाठी? तर डांबर संपल्यावर पुढे जाता यावं म्हणून. आता ग्रॅव्हल म्हणजे काय हो? आपला मुरूम. कालव्याकडेचा रस्ता, शेतात जाणारी पाणंद, धरणाच्या भिंतीमागून जाणारी खडीची वाट. आणि टायरचं म्हणाल तर आपल्या दूधवाल्याच्या काळ्या, रॉडच्या ब्रेकच्या, २८ इंची सायकलीच्या टायरची रुंदी दीड इंच असते. म्हणजे जवळपास तेच ४० मिलिमीटर! दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून तो माणूस वर्षानुवर्षं ग्रॅव्हल रायडिंग करत होता. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून किंवा सरळ चड्डीवर. त्याला कुणी जर्सी दिली नाही एवढंच.

अमेरिकेत हा खेळ म्हणून रुजला तोही असाच गबाळेपणाने. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया नावाच्या गावी २००६ मध्ये मुरमाच्या रस्त्यांवरून २०० मैलांची एक शर्यत सुरू झाली, तिला आता अनबाउंड म्हणतात. ज्याला जे आवडेल ते घालून यावं, जशी असेल तशी सायकल आणावी, असा त्या प्रकाराचा मूळ स्वभाव. मग पैसा आला, प्रायोजक आले, २०२२ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आली. आता पुढच्या रांगेतले लोक अंगाला चिकटलेले एकसंध सूट घालून येतात. त्यांचं ठीक आहे, त्यांना मिनिटं वाचवायची आहेत. पण दुकानदार तोच सूट पानशेतला भजी खायला जाणाऱ्याला विकायला लागतो तेव्हा माझं डोकं फिरतं.

लायक्राबद्दल माझं भांडण नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर ब्रेव्हे करणारे मित्र फोन करून शिव्या घालतील. स्पँडेक्स हा धागा ड्युपाँट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये शोधला, लायक्रा हे त्याचं बाजारातलं नाव. त्याआधी शर्यतवाले लोकरीची चड्डी घालायचे आणि आत बुडाशी चामड्याचा तुकडा शिवलेला असायचा. हे चामडं शॅमॉय नावाच्या डोंगरी बकरीवजा प्राण्याचं, म्हणून आजच्या फोमच्या गादीलाही शॅमॉयच म्हणतात. चामडं धुतलं की वाळून पापडासारखं कडक व्हायचं, मग त्याला क्रीम चोळून मऊ करायचं. एवढे हाल सोसलेल्यांना लायक्रा म्हणजे वरदानच होतं. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर करायचे असतील तर जरूर लायक्रा घाला. कातडी सोलवटण्यापेक्षा ते कधीही चांगलं.

पण घरापासून ऑफिस १० किलोमीटर आहे, मधे चौदा सिग्नल आहेत आणि वेग सरासरी १५. इथे लायक्राचं काय काम? हवेचा अडथळा हा वेगाचा खेळ आहे. वेग दुप्पट झाला की हवेशी झगडायला आठपट ताकद लागते. याचा अर्थ उलटाही होतो: वेग निम्मा असेल तर तो खर्च एक अष्टमांश. ताशी ३६ ने जाणाऱ्याला फडफडणारं कापड महागात पडतं. ताशी १५-१८ ने जाणाऱ्याला ते जाणवतही नाही, त्याला पीएमटीच्या (हो, पीएमपीएमएल, माहितीये) बसमागे अडकल्याचं जास्त जाणवतं. शिवाय लायक्रा घालून तुम्ही वाटेत भाजी घ्यायला थांबत नाही, बँकेत शिरत नाही, मुलीच्या शाळेत पालकसभेला टेकत नाही. कारण सगळे बघतात. म्हणजे सायकल निव्वळ घर ते ऑफिस अशी होते आणि बाकीच्या कामांना पुन्हा स्कूटर काढावी लागते. जे वाहन मधे थांबू देत नाही ते वाहन कसलं?

आता फुल पँट. सायकलची चेन उजवीकडे असते, त्यामुळे उजव्या पायाच्या बॉटमला काळा पट्टा ठरलेला. पूर्वी सायकलींना पूर्ण चेनकव्हर असायचं म्हणून आपल्या आजोबांचं धोतरसुद्धा निभावलं. आताच्या गिअरच्या सायकलीला ते बसत नाही, म्हणजे सायकल बदलली आणि कपडा तोच राहिला. जीन्सची वेगळीच तऱ्हा. आसनाच्या जागी चारही शिवणी एकत्र येतात आणि त्या जाडजूड गाठीवर तुम्ही बरोब्बर बसता. पाय वर आला की गुडघ्यावर कापड ताणलं जातं, कंबर मागून खाली सरकते आणि मागच्या माणसाला नको ते दर्शन घडतं. मिनिटाला ७० पायडल धरले तर ४५ मिनिटांत प्रत्येक गुडघा ३,१५० वेळा वाकतो. ३,१५० वेळा कापडाशी कुस्ती! एखादा फंक्शन कॉल विनाकारण इतक्या वेळा होत असता तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण लिहिणाऱ्याला फाडून खाल्लं असतं.

आणि पाऊस. पुण्याच्या पावसात फुल पँट गुडघ्याखाली पंधरा मिनिटांत भिजते आणि मग एसीत दुपारपर्यंत पायाला चिकटून बसते. रेनकोटची पँट घातली तर आतून घामाने भिजते, फरक इतकाच की पाणी स्वतःचं. उघड्या पोटरीचं तसं नाही. कातडी हे जगातलं सर्वांत लवकर वाळणारं कापड आहे. चिखल उडाला, नळाखाली पाय धुतले, रुमालाने पुसले, काम झालं.

इथपर्यंत बहुतेक सायकलवाले माझ्याशी सहमत होतात. मग म्हणतात, 'ते बरोबर आहे रे, पण ऑफिसात कसं चालेल?' खरी मेख इथे आहे.

आमच्याकडे (कंपनीचं नाव विचारू नका, तुमचीही साधारण अशीच असेल) ड्रेस कोडचं एक पान आहे. सोमवार ते गुरुवार 'बिझनेस कॅज्युअल', शुक्रवारी 'स्मार्ट कॅज्युअल', या दोन्हींत फरक काय ते एचआरलाही सांगता येत नाही. पण एक ओळ मात्र अगदी स्पष्ट आहे: शॉर्ट्स, थ्री-फोर्थ आणि बर्मुडा कोणत्याही दिवशी चालणार नाहीत. मग सायकलवाल्याने काय करायचं? पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप, डबा, फुल पँट, शर्ट, बेल्ट आणि बूट आणायचे. बूट डब्याला लागू नयेत म्हणून वेगळी पिशवी. आंघोळीची सोय नाही, लॉकर नाही. टॉयलेटच्या ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहून, पँटचा दुसरा पाय जमिनीला टेकू न देता, दाराच्या हुकला बॅग लटकवून कपडे बदलायचे. बाहेर कुणीतरी दार ठोठावत असतो. हा योगासनाचा प्रकार रोज सकाळी करून बघा. माझे ते दोन सहकारी यालाच विटले.

तिसरा चिकट निघाला. एके दिवशी तो राखाडी रंगाच्या, गुडघ्यापर्यंतच्या हाफ पँटमध्ये आला, फुल पँट बॅगेत होती, वर जाऊन बदलणारच होता. लॉबीत सिक्युरिटीच्या काकांनी अडवलं. 'सर, आज क्लायंट येणारेत. वरून ऑर्डर आहे. तुम्ही मागच्या मालाच्या लिफ्टने जा.' काकांची चूक नाही, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं आणि तेही अजिजीने. हा गेला मालाच्या लिफ्टने, प्रिंटरच्या कागदांच्या खोक्यांबरोबर. गंमत म्हणजे त्याच्या आधीच्याच महिन्यात कंपनीची वॉकेथॉन झाली होती. तेव्हा त्याच लॉबीत दोनशे माणसं शॉर्ट्सवर उभी होती, अगदी व्हाइस प्रेसिडेंटसकट, आणि त्यांचे फोटो आजही लिफ्टशेजारी लावलेले आहेत. म्हणजे गुडघ्यांची हरकत नाही. वर कंपनीचा लोगो असला की गुडघे सुसंस्कृत होतात!

हे प्रकरण ऐकलं तेव्हा मला लेडी हार्बर्टन आठवल्या. इंग्लंडमध्ये १८९८ च्या ऑक्टोबरात या बाई सायकलवरून सरे परगण्यातल्या ऑकम गावी पोचल्या. घोळदार स्कर्टने सायकल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून त्या आणि त्यांच्यासारख्या काही बायका 'रॅशनल ड्रेस' घालायच्या. रॅशनल ड्रेस म्हणजे गुडघ्याखाली बांधलेली ढगळ विजार. तिथल्या हॉटबॉय हॉटेलच्या मालकीणबाईंनी त्यांना कॉफी रूममध्ये बसू दिलं नाही. हवं तर बारच्या खोलीत बसा, म्हणाल्या. बारच्या खोलीत कोण बसायचं, तर कामकरी पुरुष, पाइप ओढत. हार्बर्टनबाई तणतणत निघून गेल्या. सायकलवाल्यांच्या क्लबने मालकिणीवर खटला भरला आणि १८९९ मध्ये तो हरला. ज्यूरी म्हणाली, जेवण नाकारलंच कुठे होतं? दुसरी खोली देऊ केली होती की!

दुसरी खोली, मालाची लिफ्ट. सव्वाशे वर्षं झाली, युक्ती तीच आहे. तुम्हाला कुणी 'येऊ नका' असं म्हणत नाही. फक्त अशा दाराने या म्हणतात की पुन्हा यावंसं वाटू नये. आणि त्या दाराने रोज कोण येतं ते बघा: डबेवाले, कुरियरवाले, पाण्याचे जार आणणारी पोरं. आमच्या गेटवर पायांकडे बघून माणसाची प्रतवारी होते. सायकलवाल्याला हाफ पँटमध्ये बघून जे अस्वस्थ होतात त्यांना पोटऱ्या बघून शिसारी येत नसते. 'आपला' माणूस 'त्यांच्यासारखा' दिसतोय, ते त्यांना खुपतं. सायकल आपल्याकडे ज्यांना दुसरं काही परवडत नाही त्यांचं वाहन आहे आणि लायक्रा घातला की ती छंद होते, हे त्यामागचं सगळं गणित. लायक्रावाल्याला कुणी मालाच्या लिफ्टने पाठवत नाही, त्याला विचारतात, 'सर, केवढ्याची हो?'

आता यातला विनोद पुढे ऐका. दरवर्षी ३ जूनला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून नेमलेल्या जागतिक सायकल दिनाला, याच एचआरकडून हिरव्या रंगाची मेल येते. 'चला, सायकलने येऊया!' टी-शर्ट वाटतात, फोटो काढतात. त्यातही एक हिशोब आहे. सेबीच्या नियमाप्रमाणे २०२२-२३ पासून पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो. कार्बनचा हिशोब ज्या जागतिक पद्धतीने मांडतात तिच्यात कर्मचाऱ्यांचं घर ते ऑफिस येणं-जाणं हा 'स्कोप ३' मधला सातवा प्रकार आहे. म्हणजे मी सायकलने आलो तर कागदावर श्रेय कंपनीला मिळणार आणि लॉबीत मी मालाच्या लिफ्टने जाणार. वा रे न्याय!

ड्रेस कोड बदलता येत नाहीत असंही नाही. जपानसारख्या, टायशिवाय माणूस अपुरा समजणाऱ्या देशात २००५ च्या उन्हाळ्यात पर्यावरण मंत्रालयाने 'कूल बिझ' सुरू केलं. एसी २८ अंशांवर ठेवा आणि टाय-कोट घरी ठेवा. पंतप्रधान आणि मंत्री स्वतः टाय न लावता फिरले आणि ती पद्धत रुळली. स्टॉकहोमजवळच्या एका रेल्वेमार्गावर २०१३ मध्ये पुरुष ड्रायव्हरांना उन्हाळ्यात शॉर्ट्सची परवानगी नव्हती. नियमात पँट किंवा स्कर्ट असं होतं, तर ते सरळ स्कर्ट घालून गाडी चालवायला लागले! आपल्याकडे हा उपाय मी सुचवत नाही. पण लुंगीचा विचार एकदा मनात येऊन गेला हे नाकारत नाही :)

'आज हाफ पँट, उद्या बनियनवर येतील' हे लाडकं वाक्य मी किमान तीनदा ऐकलंय. नाही येणार. जीन्सला परवानगी दिली तेव्हाही लोक असंच म्हणाले होते, आणि जीन्स घातलेल्या माणसांनी लिहिलेल्या कोडवरच कंपन्यांची बिलं निघतायत. दुसरं वाक्य क्लायंटचं. अरे, आपला क्लायंट स्वतः व्हिडिओ कॉलवर टी-शर्ट घालून बसतो आणि टेबलाखाली त्याने काय घातलंय ते देवाला ठाऊक. तिसरं, 'आधी रस्ते आणि सायकल ट्रॅक सुधारा, मग कपड्यांचं बघू.' रस्ते सुधारलेच पाहिजेत. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकलचा मोठा आराखडा मंजूर केला, त्याच वर्षी डिसेंबरात ॲपवर चालणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या. त्यासाठी टेंडर लागतं, नगरसेवक लागतात, कोट्यवधी रुपये लागतात. ड्रेस कोडमधली एक ओळ खोडायला एक मेल लागते. दोन्हींची तुलना करून दुसरं पहिल्यावर ढकलणं हा आळस आहे.

एक आक्षेप मात्र मला खरंच गप्प करून गेला. टीममधली एकजण कुर्ता आणि लेगिंग्ज घालून सायकलने येते, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून पोटाशी गाठ मारून. ती म्हणाली, 'तुम्हाला गेटवर अडवतात, आम्हाला रस्त्यावर. तुझ्या हाफ पँटचा मला काय उपयोग?' यावर माझ्याकडे शहाणपणाचं उत्तर नाही. पण तिच्याशी बोलताना एक गोष्ट ध्यानात आली. लायक्रा हाच सायकलचा गणवेश ठरला तर सगळ्यात आधी बायकाच सायकलवरून उतरतात. ढगळ कपडा त्यांच्यासाठी जास्त गरजेचा आहे, मग तो गुडघ्यापर्यंत असो की घोट्यापर्यंत, आणि त्यांचा ड्रेस कोड त्यांना विचारून लिहिला पाहिजे. नऊवारीचा काष्टा ज्यांनी शोधला त्या बायकांना दोन पाय मोकळे ठेवण्याचं शास्त्र मी काय शिकवणार?

आणि वाहनाने माणसाच्या कपड्यांशी जुळवून घ्यायचं, हे आपल्या कायद्यालाही मान्य आहे. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला जे 'साडी गार्ड' असतं ते कंपन्यांनी हौसेने दिलेलं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने ते सक्तीचं आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निम्मा भाग झाकायचा. म्हणजे १९८९ साली नियम लिहिणाऱ्यांना हे कळत होतं की माणसं वाहनावर कपडे घालून बसतात. आमच्या ड्रेस कोड लिहिणाऱ्यांच्या मते माणसं ऑफिसात हवेतून प्रकट होतात, तीसुद्धा इस्त्री केलेल्या फुल पँटमध्ये.

असो. ज्यांच्या गेटवर शहाणी माणसं आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. हाफ पँट विकत घेतलीत तरी चालेल, पण जुनी टेरिकॉट फुल पँट कापून कोपऱ्यावरच्या अल्टरेशनवाल्याकडून करून घेणं उत्तम. (शुद्ध कॉटन नको, घाम पितं आणि धरून बसतं.) लांबी गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत, उभं राहिल्यावर. मांडीला घेर हवा पण झालर नको, फार ढगळ असली तर सीटवरून उठताना आसन सीटच्या नाकात अडकतं आणि ऐन चौकात तोंडावर आपटायची वेळ येते. आसनाला चार शिवणी एकत्र येणार नाहीत असा जोड मारून मागा, जुन्या टेलरना हे बरोबर कळतं. मागची कंबर पुढच्यापेक्षा दोन बोटं उंच. पुढच्या खिशात फोन ठेवू नका, तेच ३,१५० वेळांचं गणित. खिसा मांडीच्या बाजूला, तिरका आणि चेनचा. अंतर तासाभराहून जास्त असेल तर आत गादीवाली चड्डी घाला, बाहेरून कुणाला काय कळतंय! रंग गडद राखाडी किंवा काळपट निळा, म्हणजे चेनचं वंगण लागलं तरी मीटिंगपर्यंत निभतं.

टेलर विचारेल, 'घरात घालायला का?' ऑफिससाठी, असं सांगा. तो चष्म्यावरून एकदा बघेल आणि माप घ्यायला लागेल.